चुकीचा पासवर्ड टाकून पाहायचा राहिला

आमच्या संस्थेतल्या लोकांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं, की धानाचे नंबर त्या पोरीने फिरवले. तिने फिरवले नव्हते. तिची चौकशी झाली त्या सकाळीच मला हे कळलं होतं.

सालेकसा भागातल्या एका सहकारी संस्थेचा मी व्यवस्थापक होतो. आमच्या धान खरेदी केंद्रावर कोणत्या शेतकऱ्याने कधी धान आणायचं, ते नंबर आधी फळ्यावर लिहिले जायचे. मग ते वेबसाइटवर आले. पाहायला सगळ्यांना मोकळे. बदलायचे तर पासवर्ड लागे. तो दोघांकडेच होता, माझ्याकडे आणि ऑपरेटर पोरीकडे. ती चिचगडकडची, गोंड घरातली. त्या घरात आलेली ही पहिलीच नोकरी.

सुरुवातीच्या दिवशी संगणकाला हार घातला, नारळ फोडला. अध्यक्षांनी मी सांगितलेला पासवर्ड एका बोटाने टाकला, पान उघडलं, टाळ्या झाल्या. झाली आमची तपासणी. तपासणीच्या कागदावर सही माझी.

ती मागून म्हणाली, "साहेब, एकडाव चुकीचा टाकून पाहू ना. अडवते का नाही, थे समजन."

अध्यक्ष हसले. "नव्या घराच्या दाराले लाथ मारून पाहतेस काय वो?"

मी त्यांच्याहून मोठ्याने हसलो. "आत्ताच नारळ फुटला, पोरी. पहिल्याच दिवशी अपशकुन कायले?" आमच्याकडे नवा ट्रॅक्टरसुद्धा पूजेच्या दिवशी कोणी मागे घेत नाही.

पुढच्या हंगामात नंबर आपोआप सरकल्यासारखे सरकू लागले. मागचे पुढे गेले, पुढचे मागे पडले. ज्यांचा नंबर मागे गेला त्यांचं धान उघड्यावर भिजलं, ढिगाऱ्यांना कोंब फुटले. लोक केंद्रावर चालून आले. "पासवर्ड कोनापाशी हाये?" असं विचारलं गेलं, तेव्हा माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

चौकशीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि पहिल्यांदाच चुकीचा पासवर्ड टाकला. आमच्या म्हशीचं नाव. पान उघडलं. मग नुसतं एक अक्षर टाकलं. तरी उघडलं.

ज्याने सर्व्हर बसवून दिला होता, त्या गोंदियाच्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "अरे अंकल, पासवर्ड पूछ तो रहा था, मिलाके नहीं देख रहा था. एक सेटिंग रह गई. अभी कर देता हूँ."

मी म्हटलं, कर, आणि बोलू नको कुठे. थोड्या वेळाने पुन्हा म्हशीचं नाव टाकलं. पान अडलं.

दुपारी संचालक मंडळ बसलं. ती उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नाही.

"मी नाही फिरवले," ती म्हणाली. "चुकीचा टाकून पाहा. मले वाटते, थे कोनालेही आत घेऊन राहिलं."

"तूच टाक," अध्यक्ष म्हणाले.

तिने टाकला. पान अडलं. दुसरा टाकला. अडलं. कोणीतरी म्हणालं, "घ्या, आता तर पक्कंच झालं." तिने पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे वळवली. मी खिडकीबाहेर पोती उचलणाऱ्या हमालांकडे पाहत होतो.

तिची नोकरी गेली. नंबर कोणी फिरवले ते आजही ठाऊक नाही; दार सताड उघडं होतं, कोणीही आलं असेल. काही काळाने मी निवृत्त झालो. निरोपाला मला शाल दिली आणि नारळ.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत मी तिच्याकडे गेलो. ती अंगणात फुलं वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मले ठाऊक हाये. तुमी खिडकीकडं पाहिलं, तवाच समजलं. मले कायले सांगून राहिलात? जिथं चोर ठरवली, तिथं सांगा."

आमसभेत सांगितलं. ती दारात उभी राहून ऐकत होती. बोलून झाल्यावर नवे अध्यक्ष उठले. "इस उमर में इतनी सच्चाई! बाबूजी को सलाम." टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली. तिच्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. शाल खुर्चीवर टाकून मी बाहेर आलो, तोवर ती रस्त्याला लागली होती.

"थांब वो," मी म्हटलं. "मी हे लिहून ठेवतो. तुझ्या नावानिशी लिहितो."

ती वळली. "चोर ठरली तवा माझं नाव साऱ्या तालुक्यात होतं. आज सभेत कोनी घेतलं का? तुमी तरी घेतलं?"

मी घेतलं नव्हतं. सभेतही मी तिला 'ती ऑपरेटर'च म्हणत राहिलो होतो.

"मंग आता राहू द्या," ती म्हणाली, आणि बसकडे गेली.