भ्रमणध्वनी

पक्षाघाताचा झटका आला आणि बाबांची वाचा गेली. चार दिवस हवापालट म्हणून मी त्यांना साताऱ्याहून कोलकात्याला आमच्या फ्लॅटवर आणलं. तिकडचं भाड्याचं घर सोडून दिल्याचं मात्र सांगितलं नाही. आधी बोलायला तर लागू देत, म्हटलं. डॉक्टरांच्या मते बोलणं परत यायचं तर याच काही महिन्यांत येणार होतं. तेव्हापासून मला एका जागी बसवेना. ऑफिसातून दहादा फोन करायचा, घरी आलं की पर्सही खाली न ठेवता त्यांच्या तोंडाकडे बघायचं.

बाबा मराठीचे मास्तर. घरात नवं यंत्र आलं की आधी शब्दाची फोड, मग बटण. संगणक आला तेव्हा 'गण्' म्हणजे मोजणे, इथपासून सुरुवात झाली होती. यंत्र म्हणजे आवर घालणारं, हेही त्याच दिवशी ऐकलं. आम्ही भावंडं नुसती चुळबुळत होतो.

बोलणं शिकवायला गार्डन रीचहून एक बंगाली बाई येतात. चित्र दाखवायचं, नाव विचारायचं. मोबाईलचं चित्र बघून बाबा घामाघूम होत म्हणाले, "भ्रमणध्वनी."

इतक्या दिवसांतला पहिला शब्द! मी टाळीच वाजवली. बाईंचा चेहरा मात्र पडला. भ्रमण आणि ध्वनी त्यांनाही कळतं, पण मोबाईलला असं कोण म्हणतं? डोक्यात शब्दांची सरमिसळ होते आहे, त्या म्हणाल्या. खरा शब्द आहे हो, मी हिंदीतून सांगितलं. घरात वापरता का, त्यांनी विचारलं. आता काय सांगणार, कप्पाळ! मग रोजचा सोपा शब्दच म्हणवून घ्या, असं ठरलं.

मी बाबांच्या मागे मोबाईल, मोबाईल असा धोशा लावला. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. मला राग यायचा, मग रागाचंच रडू यायचं.

परवा माझी मुलगी फोन घेऊन त्यांच्याजवळ बसली. तिचं मराठी तोडकंमोडकं.

"आजोबा, भ्रमण म्हणजे काय?"

बाबा वर्गावर असल्यासारखे ताठ झाले. "भ्रमण म्हणजे... फिरणं."

मी कणकेच्या हातांनीच धावले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"झालं फिरून. घरी जाऊ."

याच आवाजासाठी मी इतकी तळमळत होते. मी बोटांना चिकटलेली कणीक काढत राहिले. मुलगी मला ढोसत होती, आई, सांग ना, कधी जायचं.