न उचललेल्या फोनांचं उट्टं

रजिस्टरबाईला खरं नाव होतं, पण इस्पितळात ते कोणी वापरत नसे. अपघात विभागाच्या दाराशी एक टेबल, टेबलावर जाडजूड रजिस्टर आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची तारीख, वेळ, कारण लिहून घेणारी ही बाई. एकवीस वर्षं तेच काम. तोंडाने फटकळ, आणि मनात एकदा खुन्नस धरली की धरली. सासूशी झालेलं एक भांडण तिने सासू गेल्यावरही मिटवलेलं नव्हतं, आता बोला.

तिचा धाकटा भाऊ कारखान्यात लेथवर होता. बायको सोडून गेली तसा तो बोलेनासा झाला. वर्षअखेरच्या लांब सुट्टीत अख्खं घर त्याच्याभोवती घिरट्या घालत होतं. कारण टीव्हीवर फोनवरच्या एका मदतवाहिनीचे संचालकसाहेब सांगत होते, सुट्टीत एकटी माणसं खचतात, या दिवसांत आपल्या माणसांना जपा. दर वर्षी तेच बोलणं, तोच हळवा आवाज, कोटसुद्धा तोच. घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून जपलं. सुट्टी संपली, थंडी सरली, भाऊ दोन घास जास्त जेवायला लागला. धोका टळला म्हणून जो तो आपापल्या कामाला लागला.

आणि ऊन तापायला लागलं त्या आठवड्यात, एका सोमवारी, भर दुपारी भावाने जीव दिला. कसा ते सांगत नाही, सांगून कोणाचं भलं व्हायचं नाही. त्याच्या मोबाइलवरून मदतवाहिनीला चार फोन गेले होते. चारही वेळा कोणी उचलला नव्हता. त्याला इस्पितळात आणलं तेव्हा नोंद बहिणीनेच रजिस्टरात केली, दुसऱ्या कोणाला पेनाला हात लावू दिला नाही.

पंधरा दिवसांनी ती संचालकसाहेबांसमोर जाऊन बसली.

"ताई, वाईट वाटतं हो," साहेब म्हणाले. "पण त्या महिन्यात आम्हाला फोनच फार येत नाहीत. नोंदी आहेत ना आमच्याकडे. सुट्टीत सगळे राबराब राबलेले असतात, म्हणून मग ऊन तापायला लागलं की त्यांना रजा देतो. सहापैकी दोन फोनांवर भागतं आमचं."

"भागतं?" ती म्हणाली.

साहेबांनी चहा मागवला. तिने कपाला बोट लावलं नाही. जिना उतरताना तिने ठरवून टाकलं, या माणसाला सोडायचं नाही.

रोज जेवणाच्या सुट्टीत ती जुनी रजिस्टरं काढून बसायला लागली. ज्यांनी स्वतःला इजा करून घेतली होती, तेवढ्याच नोंदी तिने महिन्यावार मांडल्या. सुट्टीच्या आठवड्यात आकडा चक्क खाली. सुट्टी संपली की जरा वर. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बघावं तर पानंच्या पानं भरलेली. दिवस मोठा होतो, सगळं जग उत्साहाने कामाला लागतं, आणि ज्याला उठवतच नाही त्याला तेच जास्त बोचत असेल का? असेलही. ती काही डॉक्टर नव्हती. पण तारखा तिच्या हातच्या होत्या, त्या खोट्या नव्हत्या.

मग तिने काय करावं? मदतवाहिनीतच स्वयंसेवक म्हणून नाव घातलं. रीतसर शिकली, दर रविवारी फोनवर बसली, रडणाऱ्यांचं ऐकून घेतलं. साहेबांशी इतकी गोड वागायची की घरी येऊन तिला स्वतःचीच किळस यायची. दोन वर्षं अशी काढली. एका रविवारी फोनचं मशीन दुरुस्त करायला मिस्त्री आला, तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "न उचललेले फोन यात कुठे दिसतात का हो?"

"दिसतात की," मिस्त्री म्हणाला. "आजवर कोणी मागितलेच नाहीत."

घोडं इथे पेंड खात होतं. या शहाण्यांच्या वहीत नोंद व्हायची ती फक्त उचललेल्या फोनांची. माणसं कमी बसवली की फोन कमी उचलले जायचे, कमी उचलले की वहीत कमी दिसायचे, आणि वहीत कमी म्हणून पुढच्या वर्षी परत माणसं कमी. सुट्टीत सहाच्या सहा फोन चालू, म्हणून सुट्टीत फोन भरपूर. आणि त्याच वहीच्या जोरावर साहेब टीव्हीवर.

मदतवाहिनीच्या विश्वस्तांच्या बैठकीत तिने दोन कागद पुढे सरकवले. एक इस्पितळाचा, एक मशीनचा. दुसऱ्यावर एकच नंबर चार वेळा आला होता, चारही ठिकाणी त्याखाली रेघ मारलेली होती.

"हा माझा भाऊ," ती म्हणाली. "बाकीचे कोणाचे कोण, ते तुम्ही शोधा."

साहेबांनी तिथेच राजीनामा लिहायला घेतला, विश्वस्तही माना डोलवायला लागले.

"राजीनामा नको," ती म्हणाली. "असं हात झटकून घरी जायला मिळायचं नाही. यंदाचं ड्युटीचं वेळापत्रक मी लावणार. सहाही फोन चालू राहतील. आणि एकावर साहेब बसतील. ऊन तापल्यापासून रोज, दुपारी."

कोणी नाही म्हटलं नाही. साहेब बसले. ती इस्पितळात रजा टाकून समोरच्या टेबलाशी बसली, याचं तोंड कसं पडतं ते बघायला. जिवाला थंडावा हवा होता तिला, का खोटं बोला? पहिल्या दिवशी साहेब आलेला प्रत्येक फोन दोन मिनिटांत शेजारी बसलेल्या मुलीच्या हातात देत राहिले. चौथ्या दिवशी ते रजा मागायला आले, तिने मान वर न करता नाही म्हटलं. मनातून बरं वाटलं.

नवव्या दिवशी दुपारी एका गवंड्याचा फोन आला. साहेबांनी त्याला उपदेश केला नाही, टीव्हीवरचा आवाजही काढला नाही. जेवलास का, विचारलं. घरात आत्ता कोण आहे, विचारलं. दीड तास नुसतं ऐकलं, आणि त्याचा मोठा भाऊ कामावरून दारात येऊन पोचेपर्यंत फोन खाली ठेवला नाही. मग घामेजलेल्या चेहऱ्याने तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, वाचला तो."

शेजारच्या फोनवरच्या मुलीने साहेबांना पाणी आणून दिलं. रजिस्टरबाई मात्र जागची हलली नाही. इतके दिवस तिला वाटत होतं, या माणसाला हे काम येतच नाही. तर त्याला येत होतं. चांगलं येत होतं. म्हणजे तेव्हाही आलं असतं, चारपैकी एकदा जरी त्याने फोन उचलला असता तर.

तिने पुढच्या महिन्याचं वेळापत्रक ओढलं आणि दुपारच्या रकान्यात सगळ्या तारखांना त्याचंच नाव लिहिलं.