पावणेतीनला उठणारी माणसं

शेवट बिघडवला, असं मी म्हटलं की आमच्या कंपूतल्या बाया एकमेकींकडे पाहून हसतात. हसू देत. आम्ही चौघी निवृत्त मास्तरणी, अमरावतीच्या. दर गुरुवारी दुपारचा सिनेमा पाहायचा आणि बाहेर पडल्यावर गिला वडा खात त्याची चिरफाड करायची, हा आमचा नेम आहे. परवाच्या सिनेमात म्हातारा-म्हातारी अडीच तास एकमेकांशी धड बोलत नाहीत आणि शेवटी समुद्राकडे पाहत बसतात. वर संगीत तर इतकं, की आपल्याला रडू कधी यायला पाहिजे हेसुद्धा तेच सांगणार! मी म्हटलं, समुद्र दाखवला म्हणजे शेवट झाला का? यांना शेवट करताच येत नाही.

तशी मी सिनेमाच्या बाबतीत भांडखोरच. आणि शेवटाचा विषय निघाला की मी एकच जुना सिनेमा पुढे करते. नायक पोस्टमन असतो. साऱ्या गावाला पत्रं वाटतो. त्याची बायको दूर शहरात दवाखान्यात असते आणि तिचं रोज एक पत्र येत असतं. एक दिवस पत्र येत नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि मग टांगा येतो आणि ती स्वतःच उतरते, हिरवं लुगडं नेसून. पत्र नाही आलं, कारण तीच आली! याला म्हणतात शेवट.

गेल्या महिन्यात आम्ही ठरवलं की नव्यासोबत दर वेळी एकीनं आपला आवडता जुना सिनेमाही सांगायचा. एरवी मी नुसतं नाव घ्यायची; माझी पाळी आली तेव्हा मी हे सगळं पहिल्यांदाच हातवारे करून सांगितलं. आमच्यातली आपा, उर्दू शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली, मूळची अकोल्याची, वडा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"हिरवं लुगडं?" ती म्हणाली. "अवं बाई, तो पिक्चर काळा-पांढरा होता."

मग तिनं हळूच विचारलं, "आन् ते उतरते कुठं? ते तर मरते ना."

"काही काय सांगते आपा!"

"सात खेपा पाह्यला म्या. आमचं घर थेटराच्या मागंच होतं. चौथ्या दिवशी पत्र येतं, पण दवाखान्याचं. त्याच्याच थैलीत. आपल्याच घरचं पत्र त्याले आपणच आणून टाकावं लागतं. तौबा, काय रडलो होतो आमी!"

मी हट्टाला पेटले. भर रस्त्यावर आवाज चढवला. आपानं वाद घातला नाही, घरी नेलं आणि फोनवर तो सिनेमा शोधून शेवटची पंधरा मिनिटं लावली. तसंच होतं सगळं. पोस्टमन स्वतःच्या फाटकापाशी थैली उघडतो, वरचा पत्ता वाचतो आणि तिथंच उभा राहतो. टांगा नाही, लुगडं नाही, काही नाही. आपाला वाटलं मी हरल्यामुळे रडतेय. तिनं चहा केला.

आता हे कसं झालं ते सांगायला पाहिजे. आमचं गाव दर्यापूरच्या रस्त्यावर. मी नऊ-दहा वर्षांची असताना माय अकोल्याला दवाखान्यात होती, तीन महिने. दर रविवारी बाबा मला आणि भावाला भेटायला न्यायचे. भेटायची वेळ अकराला संपायची आणि गावची एसटी तीनला. मधल्या वेळात दोन लेकरांना घेऊन करायचं काय? तर बाराचा सिनेमा. पण तो संपायचा तीन वाजून दहा मिनिटांनी. म्हणून पावणेतीन झाले की आमच्या बाजूच्या गावांची सारी माणसं एकदम उठायची. धोतरं सावरत, पिशव्या शोधत, अंधारात एकमेकांच्या पायावर पाय देत. मागचे शहरवाले बोंबलायचे, "ए एसटीवाले, खाली बसा ना!" शेवट आम्ही कधी पाहिलाच नाही. एसटी सुटली की मी आणि भाऊ दोन्हीकडून बाबांना चिकटायचो, "मंग काय झालं, बाबा?" आणि बाबा शेवट सांगायचे. पुढच्या बाकांवरचे लोकसुद्धा मान वळवून ऐकायचे.

बाबा जुळवून सांगतात हे मला पुढे कळलं, त्याचं हसूही आलं. पण पोस्टमनचा शेवट खरा, असं मी कायम धरून चालले होते. कारण त्यानंतर माय खरंच घरी आली होती. ती पुढे तेहेतीस वर्षं जगली, माझं बाळंतपण केलं, माझ्याशी कडाकडा भांडली. माझ्या मनात ते दोन्ही एकच होऊन बसलं होतं. त्यामुळे आपाच्या घरून परतताना मला बाबांचा भयंकर राग आला. ज्या शेवटाच्या जोरावर मी जन्मभर दुसऱ्यांचे शेवट वाईट ठरवले, तो मुळात नव्हताच. आणि बाबांना ते ठाऊक होतं की नव्हतं? मला तेवढंच विचारायचं होतं. बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे. आज विचारलं नाही तर कुणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अकोला गाठलं. बाबा भावाकडे असतात. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. भाऊ बाजारात गेला होता. मी पाणीसुद्धा न पिता सुरू केलं, "बाबा, तुमी मले खोटं सांगतलं. पोस्टमनची बायको मरते."

"कोन्ता पोस्टमन?"

मी सांगितलं. ते चपलेच्या अंगठ्याशी खेळू लागले.

"त्या दिवशी आपन पावनेतीनले नाही उठलो, बाई. लई आधी उठलो. एसटीची वाट पाहत फुटाने खात बसलो होतो आपन, आठोते का?"

आठवत होतं. फुटाणे आठवत होते, बाबा एक शब्द बोलत नव्हते तेही आठवत होतं. पण का, हे कधी मनात आलं नव्हतं.

"सकाळी डाक्टर मले बाजूले घेऊन बोलला, काही सांगता येत नाही म्हने. तुमाले कसं सांगू, काय सांगू, याच इचारात थेटरात बसलो. आन् तो पोस्टमन पत्राची वाट पाहून राह्यला! मले पाहवलं नाही. उठलो."

"म्हंजे शेवट तुमालेही माहीत नव्हता?"

"मले काय माहीत? तुमी एसटीत इचारलं, मंग काय झालं. मले जे पाह्यजे होतं ते सांगतलं."

माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. ते माझ्या डोक्यावर थापट्या मारत राहिले, जरा जोरातच, कारण हाताचा अंदाज आता राहिला नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर तेच म्हणाले, "लाव तो पिक्चर. पाहू दे एकडाव." मी म्हटलं, राहू द्या. ऐकेनात. भावाच्या टीव्हीवर लावला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बरं दिसतं. पोस्टमन सायकलवरून पडतो तिथे खळखळून हसले. नट लई गुणी होता म्हणाले, आताच्या पोरांना सायकलसुद्धा नीट चालवता येत नाही. पत्रं यायची थांबली तसे मात्र ते खुर्चीत पुढे सरकून बसले. तिसरा दिवस गेला. पोस्टमन थैली खांद्यावर टाकून घराकडे निघाला. पुढे काय आहे ते मी पाहिलं होतं. त्यांनी माझ्या तोंडून नुसतं ऐकलं होतं.

फाटक दिसलं आणि बाबा काठी टेकून उभे राहिले.

"चाल वं बाई, गाडी सुटन."

मी टीव्ही बंद केला. त्यांचा हात धरून अंगणात आणलं, खुर्चीवर बसवलं आणि शेजारी पायरीवर बसले.

"मंग काय झालं, बाबा?"

"मंग काय," ते म्हणाले, "टांगा आला. हिरवं लुगडं नेसून उतरली. दवाखान्यात नेलं तवा तेच नेसून होती ना तुही माय."