अक्काच्या मनगटाचं माप

पाच आठवडे झाले. दुपारची वेळ होती. अर्धापूरहून आलेला केळीचा घड मी ओसरीत टांगत होतो, तेवढ्यात लातूरहून अक्काच्या शेजारणीचा फोन आला. ‘तुमच्या अक्का गेल्या हो. खुर्चीत बसल्या बसल्याच...’ संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा तिच्या मनगटावर अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, जुनं चावीचं घड्याळ होतं. चालू होतं. सकाळी तिनंच चावी दिली असणार. आम्ही दोघा भावांनी तिच्या निवृत्तीला दिलेलं भारी घड्याळ कपाटात, साड्यांच्या खाली होतं. मागच्या झाकणावरची प्लास्टिकची फिल्मसुद्धा तिनं काढली नव्हती.

अक्का आमच्यात थोरली. जन्मभर सरकारी दवाखान्यात सिस्टर. अप्पा गेल्यावर आम्हा भावांची शिक्षणं होईपर्यंत लग्नाची थांबली, आणि पुढे तिला कुणी विचारलंच नाही. हे ‘कुणी’ म्हणजे आम्हीच. तेराव्याला दादा चार माणसांत तिला त्यागमूर्ती म्हणाला. ‘आयुष्यात काही मागितलं नाही हो अक्कानं,’ म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला असा संताप आला... खोटं आहे ते. अक्कानं मागितलं होतं. एकदाच, आणि माझ्याकडे.

निवृत्तीच्या महिनाभर आधी ती म्हणाली होती, ‘अप्पांचं घड्याळ लई मागं पडून राहिलंय रे. तुम्ही काही देणारच असाल तर मोठ्या डायलचं घ्या. आकडे ठसठशीत पाहिजेत आन् सेकंदकाटा पाहिजे.’ दवाखाना सुटला तरी गल्लीतल्या म्हाताऱ्या नाडी दाखवायला येणार, हे तिला ठाऊक होतं. लहानपणी मला ताप आला की ती असंच मनगट धरायची आणि घड्याळाकडे बघत मनातल्या मनात मोजायची. तेवढा वेळ मी हूं की चूं न करता पडून असायचो.

नांदेडच्या ज्या दुकानात आम्ही गेलो, तिथले जावेदभाई जाणते माणूस. आपण ज्याला मोठी डायल म्हणतो ती खरं तर केस, म्हणजे घड्याळाची डबी, हे त्यांच्याकडून कळलं. ती गोल असते, चौकोनी असते, अंडाकृती असते. चौकोनी डबी मापानं लहान असली तरी हातावर मोठी दिसते. आणि पट्टा जिथं अडकतो ती दोन टोकं मनगटाच्या बाहेर जाता कामा नयेत. ‘लेडीज-जेन्ट्स काही नसतं साहेब, मनगट बघायचं असतं. बहेनजींच्या बांगडीचं माप काय?’

ड्यूटीमुळे अक्का बांगड्या घालायची नाही, एवढंच आम्हाला माहीत. जावेदभाईंनी माझ्या हाताकडे बोट केलं. ‘बरं, यांच्या हातापेक्षा कितीक बारीक?’

‘बारीक?’ दादा हसला. ‘पैलवान हाय आमची अक्का!’

मीही हसलो. घरातला जुनाच विनोद तो. आयुष्यभर पेशंटला उचलून कुशीवर वळवणाऱ्या बाईचे हात दुसरे कसे असणार होते? जावेदभाईंनी छत्तीस मिलिमीटरचं एक काढून दिलं. गोल, स्टीलचं, पांढऱ्या डायलवर काळे आकडे, बारीक लाल सेकंदकाटा. ते माझ्या हातात होतं. ‘निरोपाच्या कार्यक्रमाच्या फोटोत बाप्याचं दिसंल की ते,’ असं म्हणून दादानं चोवीस मिलिमीटरचं, सोनेरी, अंडाकृती, खडे जडवलेलं बांधायला सांगितलं. त्यात ना आकडे ना सेकंदकाटा. ‘अक्कानं सांगितलंय’ एवढं बोलायला काय लागत होतं मला? नाही बोललो. मलाही फोटोच दिसत होता.

कार्यक्रमानंतर काही दिवसांनी लातूरला गेलो, तर बसमधून उतरल्यावर माझ्या छातीत धडधडत होतं. अक्कानं सवयीनं माझं मनगट धरलं, नवं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. ‘ह्यात सेकंदच न्हाई रे,’ म्हणाली. मग उठून आतून अप्पांचं घेऊन आली आणि मोजलं. निघताना मला म्हणाली, ‘चांगलं हाय तुमचं घड्याळ. लग्नाकार्यात घालीन.’ रागावली असती तर बरं झालं असतं. बदलून आणतो म्हणायला मला तोंड होतं, आणि त्यानंतर चार वर्षं वेळही होता. मी आज-उद्या करत राहिलो.

परवा दादाचा फोन आला. ‘ते भारी घड्याळ नवंकोरंच हाय, धाकट्या सुनंला देऊ का?’ दे म्हणालो. अप्पांचं मी नांदेडला आणलंय. दिवसाला दहा मिनिटं मागं पडतं. पट्टा अक्कानंच बदललेला. त्याला सात छिद्रं आहेत, पण वापरून वापरून लांबट झालेलं एकच. काल पहिल्यांदा ते हातात घातलं. बक्कल आपोआप त्याच छिद्रात जाऊन बसलं. सैल नाही, घट्ट नाही.

जावेदभाईंनी माझ्याच हाताकडे बोट करून विचारलं होतं, आणि आम्ही हसलो होतो.