लुसेराच्या पोटातलं जांभळं प्लॅस्टिक

दोन्या प्रोवीला, म्हणजे प्रोवीबाईला, राग येतो, हे आमच्या पालो वेर्दे गावात कुणाला नवीन नाही. पाद्री उशिरा आला की ती चिडते, कॉफी पातळ झाली की चिडते. नवरा वारला तेव्हा तर महिनाभर त्याच्यावरच चिडून होती, की मळ्यातली अर्धी कॉफी तोडायची ठेवून हा माणूस गेलाच कसा! पण गेल्या वर्षी राजांच्या सणानंतर तिला जो राग आला, तो काही केल्या उतरेना.

सहा जानेवारीला, बाळ येशूला भेटी नेणारे ते तीन राजे, पोरांसाठी खेळणी घेऊन येतात. आदल्या दिवशी पोरं खोक्यात गवत भरून ठेवतात, राजांच्या घोड्यांसाठी. बाकीच्या जगात राजे उंटावरून येतात म्हणे. आमच्या चढणीवर उंट दोन पावलं टाकणार नाही, म्हणून इथे घोडे. मधला राजा मेल्चोर, तो म्हणजे प्रोवी. नवऱ्याची खोटी दाढी आणि त्याचाच झगा चढवून ती आपल्या पांढऱ्या लुसेरावर बसायची. दाढीमागची म्हातारी पोरांना बरोबर ओळखू यायची, पण एकही पोर तसं बोलून दाखवत नसे. मिरवणूक संपली की सगळी लुसेरापुढे खोकी धरत. ती प्रत्येक खोक्यातलं थोडं थोडं खायची, कुणाला नाराज करायची नाही.

गेल्या वर्षीही तिने कुणाला नाराज केलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात लोळून लोळून मेली. नऊ वर्षांची धडधाकट घोडी. गुरांच्या डॉक्टरने पोट फाडलं तर आतड्यात हाताएवढा गोळा. फिती, बाहुल्यांना डब्यात जखडतात त्या तारा, आणि सगळ्याला वेढून बसलेलं जांभळं चमकीचं प्लॅस्टिक.

ते जांभळं प्रोवीने ओळखलं. नाताळात तिच्या लेकीने ऑर्लँडोहून, आजीपाशी राहणाऱ्या आपल्या पोरीला बाहुली पाठवली होती. बाहुली वीतभर, आणि खोकं एवढं मोठं की आत बकरी बांधावी. त्यातलं जांभळं आवरण नात यारेलिसने जपून ठेवलं आणि राजाच्या घोडीला छान दिसावं म्हणून गवतात खोवलं. आठ वर्षांचं लेकरू, मायेनेच केलं. प्रोवीने डॉक्टरला दम भरला, "एक अक्षर बोललास तर बघ," आणि पोरीला सांगितलं, लुसेरा म्हातारी झाली होती गं.

राग गिळला, पण तो पचेना. कुणावर काढायचा? लेकीवर? ती तिकडे दोन नोकऱ्या करते, यायला जमत नाही म्हणून खोकी पाठवते. खेळण्यांच्या कारखानदारांना मात्र प्रोवी रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना शिव्या घालायची. दोन दमड्यांच्या खेळण्याला राजवाडा बांधतात मेले! सणात कचऱ्याची गाडी चढण चढत नाही, मग ते सगळे राजवाडे आमच्या ओढ्यात येऊन राहतात.

यंदाच्या सणाआधी, डिसेंबरात, रविवारच्या प्रार्थनेनंतर देवळाच्या अंगणात सणाची बैठक बसली. औषधवाला फ्रेदो प्रमुख होता.

"दोन्या प्रोवी, दाढी धुऊन ठेवा. माझ्या मेव्हण्याची घोडी मिळतेय. आणि यंदा दोनशे खेळणी येतायत! प्रत्येक वेगळ्या खोक्यात, वरून चकचकीत कागद."

"बसते मी घोडीवर," प्रोवी उठून म्हणाली. "पण पोराच्या हातात नुसतं खेळणं द्यायचं. खोकी, कागद, तारा, सगळं इथेच सोडवायचं आणि ज्या ट्रकने आलं त्याच ट्रकने परत धाडायचं."

"अहो, पोरांना खरी मजा फाडण्यातच येते!"

"तुझी आई पास्तेलेस कशात बांधून उकडते रे? केळीच्या पानात. तू सोडलेस, हादडलेस, पान बकरीने खाल्लं. तुझी मजा कमी झाली का? पोटाकडे बघून तरी वाटत नाही."

सगळे हसले. प्रोवी हसली नाही. "लुसेरा म्हातारपणाने नाही मेली. आपल्या पोरांच्या खोक्यातलं प्लॅस्टिक खाऊन मेली."

मग बेकरीवाली इवेलिस उसळली, "कुणाच्या खोक्यातलं? नाव सांगा! त्याच्या आईबापाला इथेच उभं करू."

"हो, नाव कळू दे!" चारजण ओरडले. जो तो आपल्या पोराकडे संशयाने बघू लागला. यारेलिस दारापाशी पावाची पिशवी छातीशी धरून उभी होती.

"माझ्या घरातलं," प्रोवी म्हणाली. "मीच घातलं होतं, शोभेसाठी."

"वा!" इवेलिसने टाळी वाजवली. "स्वतःच्या हाताने घोडी मारली आणि आता आम्हाला शहाणपण शिकवतायत. चोर तो चोर, वर शिरजोर!"

आयुष्यात कुणाचा शब्द परत केल्याशिवाय न राहिलेली ही बाई. तिचे कान लाल झाले. "हो, मीच मूर्ख," ती म्हणाली, "आता तुम्ही होऊ नका." पिशवीतली दाढी काढून तिने फ्रेदोच्या टेबलावर आपटली. "नसेल जमत, तर दुसरा राजा शोधा."

दाढीला कुणी हात लावला नाही. शेवटी फ्रेदो पुटपुटला, "ट्रकवाल्याला विचारून बघतो."

उतारावरून दोघी घरी निघाल्या. पुलापाशी यारेलिस थांबली.

"आजी, ते जांभळं माझं होतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टर गेल्यावर तू ते संत्र्याच्या झाडाखाली पुरलंस. मी खिडकीतून बघत होते. आणि लुसेरा माझ्याहून एकाच वर्षाने मोठी होती. म्हातारी कशी असेल?"

म्हणजे वर्षभर! वर्षभर हे पोर एकटंच ते पोटात घेऊन वावरत होतं, आणि आजी कोंबड्यांपुढे शिव्या देत बसली होती. प्रोवीला स्वतःची इतकी चीड आली की तिने पुलाच्या कठड्यावर मूठ हाणली.

"मी यंदा गवत ठेवणार नाही," पोर म्हणाली. "या घोडीला काही झालं तर?"

पोरीला पोटाशी धरून प्रोवी तिथेच उभी राहिली.

सणाच्या सकाळी कात्र्या घेऊन दहा बायका अंगणात बसल्या. त्यात इवेलिसही होती, तोंड वाकडं करून का होईना. यारेलिस तारा कापत होती. खेळण्यांपेक्षा कचऱ्याचा ढीग उंच झाला आणि ट्रकवाला कुरकुरत तो भरू लागला. मिरवणूक संपल्यावर पोरं गवताची खोकी घेऊन रांगेत आली. दाढीवाला मेल्चोर घोडीवरून उतरला आणि प्रत्येक खोक्याच्या तळापर्यंत हात घालून बघू लागला.

रांगेत सर्वांत शेवटी यारेलिस होती. तिच्या हातात खोकं नव्हतं. तिने केळीचं पान आणलं होतं आणि त्यावर धुतलेलं, काडी काडी निवडलेलं गवत.

राजाने त्या गवतात हात घातला नाही. घोडीने गवत खाल्लं, आणि मग पानही खाल्लं.