येसूअण्णा आणि पिकअपचा गार्ड

गाडी चालू करण्याआधी येसूअण्णा तिच्यासमोर रस्त्यात उकिडवे बसत आणि मिनिटभर तिच्या तोंडाकडे बघत राहत. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, खाली काहीतरी गळतंय. मीही शेजारी जाऊन वाकलो.

"काय झालं, अण्णा?"

"काय न्हाई, गुरुजी. शेळीला आपली गाडी कशी दिसती, ते बगतोय."

मी हसलो. ते हसले नाहीत. "हसू नगा. आत बसलं की आपल्याला रस्ता दिसतो, गाडी दिसत न्हाई. ती फकस्त समोरच्याला दिसती."

मी तेव्हा चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. पिंपरीला कारखान्यांच्या भिंती नुकत्याच उभ्या राहत होत्या आणि भोसरीत अजून सकाळी मोटांचा आवाज यायचा. आमच्या गावातल्या बागाईतदारांनी भाजीपाला पुण्याच्या मंडईत नेण्यासाठी एक संस्था काढली होती, आणि चार ओळी नीट लिहितो म्हणून तिचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं होतं. संस्थेची मालमत्ता म्हणजे एक सतरंजी, एक कंदील आणि लष्कराच्या मोडीतून चार हात फिरून आलेली एक पिकअप. गाव तिला 'धाकटा ट्रक' म्हणायचं. ती चालवायला अण्णांखेरीज कोणी नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात आसामच्या बाजूला त्यांनी तीन वर्षं लष्करी ट्रक हाकला होता.

अंगानं काटक, खाकी सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, बोलणं मोजकं. माणसाला बघून ते हॉर्न वाजवत नसत. गाडी थांबवायची, डोकं बाहेर काढायचं आणि "ओ पाव्हणं, जरा वाट द्या," म्हणायचं. मंडईत आमची गाडी सगळ्यात शेवटी पोचायची. कुणी बोललं तर म्हणायचे, "वांगी काय पळून चालल्यात व्हय?"

मला गाडी शिकायची हौस होती. अण्णा 'व्हय' म्हणाले, आणि पुढच्या रविवारी त्यांनी मला गावापासून मोशीपर्यंत पायी चालवलं. "आदी रस्ता शिका. गाडी काय, आठ दिसांत येती." वाटेत कुठं शेरडं आडवी जातात, कुठल्या विहिरीवरून बाया डोक्यावर हंडे घेऊन रस्ता ओलांडतात, कुठल्या घराचं दार थेट सडकेवर उघडतं, हे सगळं त्यांनी बोट करून दाखवलं. एका झोपडीसमोर उभं राहून म्हणाले, "हितं एक बहिरी म्हातारी ऱ्हाती. हितं कितीबी हॉर्न वाजवला तरी कामाचा न्हाई. हितं निस्तं हळू." असे तीन रविवार चालल्यावर त्यांनी मला चाक हातात दिलं. त्या उन्हाळ्यात मला लायसन मिळालं, ते अण्णांमुळंच.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. वाटाण्याची पहिली तोड भरून गाडी पुण्याला निघाली होती. कुरुळीच्या वळणावर एक म्हैस बांधावरून उडी मारून थेट समोर आली. अण्णांनी ब्रेक दाबला, गाडी थांबता थांबता म्हशीला लागली. म्हशीला विशेष काही झालं नाही. ती उठली आणि शेपूट वर करून निघून गेली. पण तिचं शिंग पुढच्या जाळीतून घुसून रेडिएटर फुटला. सगळं पाणी रस्त्यावर. दुसरी गाडी मिळेपर्यंत दिवस मावळायला आला आणि पोत्यांतला वाटाणा उन्हानं पिवळा पडला. त्यातला निम्मा अध्यक्षांचा होता.

अध्यक्ष म्हणजे तात्या. थोराड माणूस, आवाज मोठा, मनात काही ठेवायचं नाही. चावडीत मंडळाची सभा भरली तेव्हा बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "गाडीला पुढनं लोखंडी गार्ड बसवायचा. चाकण नाक्यावर बगा, समद्या ट्रकांना हाय. लिवा ठराव, गुरुजी."

मी टाक उचलला. कोपऱ्यातून अण्णांचा आवाज आला. "गार्ड नगं, तात्या."

"का नगं?"

"नगं म्हंजी नगं."

"आरं येसबा, आज शिंग जाळीत गेलं. उद्या काचंतनं आत यील. मग?"

"यिऊं द्या. पन गार्ड नगं."

कारण मात्र ते सांगेनात. तात्यांना वाटलं, हा निव्वळ हट्ट. मंडळातल्या कुणाला वाटलं, म्हशीबद्दल बोल लागला म्हणून अण्णा रुसले. शेवटी अण्णा उठले, खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या वहीवर ठेवली आणि म्हणाले, "गार्ड बसवा. डायवर दुसरा बगा."

दुसरा ड्रायव्हर मिळाला नसता असं नाही, पण त्या गाडीचं दार दुसऱ्या कुणी उघडलेलं गावाला पाहवलं नसतं. अण्णांकडेही दुसरं काही नव्हतं. जमीन भावांकडे, घरात बायको आणि म्हातारी आई. मी मधे पडलो. म्हटलं, पंधरा दिवस गार्ड लावून बघू. दिवाळीची सुट्टी आहे, मी रोज अण्णांबरोबर जाईन. नंतर पुन्हा सभा घेऊ आणि मगच पक्कं ठरवू. तात्यांनी मान डोलावली. अण्णांनी बराच वेळ किल्लीकडे पाहिलं आणि ती परत खिशात टाकली.

पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात एका सिंधी मिस्त्रीनं नवीनच दुकान थाटलं होतं. त्यानं जाड पट्ट्यांचा गार्ड वेल्डिंग करून बंपरच्या पुढं बोल्टांनी आवळला. दोन्ही बाजूंना तो गाडीच्या अंगाबाहेर वीतभर आला होता. मिस्त्री हौसेनं त्यावर हात मारून म्हणाला, "अब दीवार को भी मारो, कुछ नहीं होगा!" अण्णांनी तोंड फिरवलं.

खरं सांगायचं तर मला गार्ड आवडला होता. आत बसलं की छाती जरा पुढं यायची. आपल्याला आता कोण काय करणार, असं वाटायचं. अण्णांचं उलट झालं. आधीच हळू चालणारी गाडी आता चालल्यासारखीच वाटेना. बारीकसा खडा उडून लागला तरी ते गाडी थांबवून, उतरून, पुढं जाऊन बघून येत. घाम पुसत. मी विचारलं तर म्हणत, "काय न्हाई."

सहाव्या का सातव्या दिवशी सकाळी इंद्रायणीच्या अलीकडं दाट धुकं होतं. पुढं बाजरीच्या सरमाडानं, वाळल्या ताटांनी, भरलेली बैलगाडी चालली होती, दोन्ही बाजूंना पेंढ्या लोंबत होत्या. अण्णांनी वाट मागितली, गाडीवानानं बैल कडेला घेतले. आम्ही बाजूनं निघालो आणि पुढं काहीतरी थडकल्यासारखं झालं. मोठा आवाज नाही, धक्काही नाही. गाडी हलली सुद्धा नाही.

अण्णांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावर तसेच.

"गुरुजी, तुमी उतरा."

"काय झालं?"

"तुमी बगा. मला न्हाई बगवत."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी उतरून पुढं गेलो. गार्डच्या डाव्या कोपऱ्यात, पट्ट्यांच्या मधे, एक पांढरं कापड अडकलं होतं. जुन्या धोतराचं. ते खाली गाडीच्या पोटाखाली गेलं होतं. मी गुडघ्यावर बसलो, वाकलो आणि खाली पाहिलं.

सरमाडाची पेंढी होती. धोतराच्या चिंधीनं बांधलेली. बैलगाडीच्या कडेला लोंबत होती, ती गार्डच्या टोकानं ओढून नेली होती.

तेवढ्यात धुक्यातून गाडीवान आलाच. पासष्टीचा असेल. "आरं डोळे हायेत का बटनं? पेंढी फोडली माजी! वाट दिली तर गाडीच ओढून नेतोस व्हय रं?"

तो आवाज ऐकताच अण्णा खाली उतरले. म्हाताऱ्याजवळ गेले, त्याच्या दोन्ही खांद्यांना हात लावून बघू लागले. "तुमाला लागलं न्हाई ना, बाबा?"

"मला कशानं लागतंय? पेंढी फुटली!"

"द्या, शिव्या द्या. आनखी द्या."

म्हातारा चपापला. अण्णांनी विस्कटलेलं सरमाड काडी-काडी गोळा केलं, स्वतःच्या हातानं पेंढी बांधली आणि बैलगाडीवर चढवली. मग परत येऊन पिकअपच्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "गुरुजी, आता सांगतो."

लढाईत त्यांच्या ट्रकला असाच गार्ड होता, याहून दुप्पट जड. आसामात एका दुपारी पन्नास गाड्यांची रांग चालली होती. पुढच्या गाडीची धूळ इतकी की बोनेटसुद्धा दिसेना. रस्त्याच्या कडेनं माणसं चालली होती. घरदार सोडून निघालेली, डोक्यावर बोजे, हातगाड्या, पोरंबाळं. संध्याकाळी मुक्कामावर गाडी धुताना अण्णांना गार्डमध्ये एक छत्री अडकलेली सापडली. मोडलेली.

"गाडीला ओरखडा न्हाई. मला धक्का न्हाई, आवाज न्हाई. कायबी कळलंच न्हाई, गुरुजी. छत्रीबरूबर मानूस हुता का न्हाई, ते मला आजपतोर ठावं न्हाई." त्यांनी पुढच्या गार्डकडे बोट केलं. "म्हशीचं शिंग घुसलं ना, तवा मला बरं वाटलं. का? तर मला कळलं. लागलं ते कळलं."

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ना लष्करात, ना घरी. मी म्हटलं, सभेत मी काहीतरी दुसरं कारण देईन. गार्ड बाजूला जास्त येतो, पेंढी अडकली, एवढं पुरे. अण्णांनी मान डोलावली. पण सभेच्या दिवशी मी पेंढीचं सांगत होतो, तेवढ्यात तेच उठून उभे राहिले. "गुरुजी, बसा," म्हणाले, आणि आसामच्या रस्त्याची ती दुपार त्यांनी चावडीत सगळ्यांसमोर सांगितली. हात मागं बांधून, साहेबासमोर उभं राहिल्यासारखं. सांगून झालं तरी बसले नाहीत.

तात्या दाढी खाजवत होते. मग त्यांनी विचारलं, "येसबा, छत्री उघडी हुती का मिटल्याली?"

अण्णांना प्रश्नच कळला नाही. "मोडल्याली."

"ते झालं रं. कापड पसरल्यालं हुतं का गुंडाळल्यालं?"

अण्णा आठवू लागले. डोळे मिटून त्यांनी दोन्ही हात पुढं केले, जसं काही ती छत्री पुन्हा ओढून काढत होते. "गुंडाळल्यालं. बंद बांदल्याला हुता. बंदाचं बटन लावल्यालं हुतं."

"आन ऊन?"

"कडक."

"मग कडक उनात मानूस छत्री बटन लावून चालंल का रं? ती कुनाच्या बोज्याला खोचल्याली आसनार. न्हाईतर हातगाडीला. गुरुजींनी सांगितली ना पेंढी, तशीच लोंबत हुती, तुज्या गार्डानं वढून नेली. मानूस आसता तर..." तात्या सतरंजीवर पुढं सरकले. "मानूस आसता तर निसती छत्री घावली नसती, येसबा."

तात्या काही फौजदार नव्हते. त्यांचं म्हणणं खरंच असेल असं छातीवर हात ठेवून कुणालाच सांगता आलं नसतं. पण दहा-बारा वर्षांत हा साधा प्रश्न अण्णांना कुणी विचारला नव्हता, कारण विचारायला कुणाला काही माहीतच नव्हतं. अण्णा मटकन खाली बसले. ओठ हलत होते. 'बटन लावल्यालं हुतं' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तात्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. "म्या वाटान्यासाटी न्हाई रं म्हनत हुतो गार्ड. म्हैस तुज्या अंगावर आली आसती म्हनून म्हनत हुतो."

"ठावं हाय, तात्या."

"मग काढ तो. लिवा, गुरुजी."

मी लिहिलं: पुढचा गार्ड काढावा, रेडिएटरच्या पुढं, गाडीच्या अंगाच्या आत, जाड तारेची जाळी बसवावी. जाळीची कल्पना अण्णांचीच होती. शिंग आत जायला नको आणि गाडीचं तोंडही कुणाला बोचायला नको. ती जाळी पुढं ती गाडी मोडीत निघेपर्यंत टिकली. अण्णांनी गाडी आणखी अकरा वर्षं चालवली. एक-दोनदा बंपर वाकला, एकदा दिवा फुटला. माणसाला किंवा जनावराला कधी काही झालं नाही. अण्णा गेले ते घरी, अंथरुणात, भरल्या घरात. आज त्या सडकेवर रात्रंदिवस गाड्यांची रांग असते आणि निम्म्या गाड्यांच्या तोंडाला लोखंड बांधलेलं असतं. ते बघितलं की मला अण्णा आठवतात; पण चावडीत उभे राहिलेले अण्णा नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिंपरीला गेलो. मिस्त्रीनं कुरकुरत बोल्ट सोडवले, जाळी बसवली. परत निघताना अण्णा नेहमीच्या बाजूनं चढलेच नाहीत. पलीकडून जाऊन माझ्या जागी बसले.

"आज तुमी घ्या, गुरुजी. म्या जरा डोळा लावतो."

चालत्या गाडीत अण्णांना डुलकी लागलेली कुणी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्यानं चालवली तरी ते पाय आवळून बसत, जसा काही ब्रेक त्यांच्याच पायाखाली आहे. भोसरी यायच्या आत त्यांची मान माझ्या खांद्यावर आली होती. तोंड उघडं, पाय सैल सुटलेले, घशातून बारीक घोरणं.

मी इतकी हळू चालवली की मोशीला एका बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. गावात पोचल्यावर तात्या हात वर करून काहीतरी ओरडत पुढं आले. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं, आणि तो मोठ्या आवाजाचा माणूस चपला हातात घेऊन बाजूला झाला. मी इंजिन बंद केलं, आणि अण्णांना जाग येईपर्यंत तसाच बसून राहिलो.