पासवर्ड विचारणारा सर्व्हर
मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो गोडसर, तेलकट वास कुठूनही आला की मला चाकणच्या कंपनीतली दुपार आठवते. काचेपलीकडे यंत्रांचा शॉप फ्लोअर संथ घुमत असायचा, उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगायची, आणि शेजारी आमच्या सीनियर मॅडम दूरदूरच्या प्लांटमधल्या सर्व्हरवर एकामागून एक लॉगिन करत बसलेल्या असायच्या. त्या मूळच्या पुनावळ्याच्या, जुन्या शेतकरी घरातल्या. प्रत्येक सर्व्हर पासवर्ड विचारायचा, आणि तो टाइप करताना त्यांचे ओठ किंचित हलायचे, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा चेहरा व्हायचा. मी नवीन होते, उत्साही होते. एका दुपारी मी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक डिजिटल किल्ली तयार केली, तिच्या जोडीचं कुलूप सगळ्या सर्व्हरवर बसवलं आणि म्हटलं, "मॅडम, आता कोणी पासवर्ड विचारणार नाही." त्यांनी करून पाहिलं. सर्व्हर काही न विचारता उघडला. "बेस केलंस गं," त्या म्हणाल्या, पण बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. मग काचेकडे बघत हळूच म्हणाल्या, "वडील मला ज्या नावानं हाक मारायचे ना, तोच पासवर्ड होता. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी न्हाई ऱ्हायलं." मी विचारलं, "कोणतं नाव?" "पासवर्ड सांगत्यात व्हय कुणाला?" म्हणत त्या हसल्या. आज माझे सगळे सर्व्हर किल्लीनंच उघडतात. एक जुना तेवढा मी तसाच, पासवर्ड विचारणारा ठेवलाय. आई गेल्यापासून तो रोज मला विचारतो, आणि मी त्याला आईच्या तोंडचं माझं नाव सांगते.